झाकणाला सुटलेलं पाणी

१

भोजनगृहांच्या आतले फोटो काढणं हा मुळात लपवाछपवीचा धंदा आहे, असं कानाए तोगाशी म्हणायची. वायरी लपवायच्या, आग विझवायचं लाल नळकांडं लपवायचं, चटईवरचा डाग आसनाखाली सरकवायचा, आणि सगळ्यात आधी स्वतःला लपवायचं. काचेत, पितळेच्या कडीत, लाखेच्या काळ्या वाडग्यावर, कुठेही फोटो काढणारीची सावली दिसली की तो फोटो गेला कामातून. जपानमधल्या साकाता बंदरातल्या बहुतेक जुन्या भोजनगृहांत तिनं ही लपवाछपवी केली होती आणि तिचं काम नावाजलंही जात होतं. त्यामुळे ‘उशिओ’ या भोजनगृहातून बोलावणं आलं तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वावगं वाटायला लागलं ते दारात. ‘उशिओ’च्या मालकीण माकिनोबाई स्वतः दारात उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ, राखाडी किमोनोतल्या. त्यांचं बोलणं असं की ऐकणाऱ्याला आधी मान मिळाल्यासारखा वाटावा आणि घरी गेल्यावर लक्षात यावं की आपल्याला थोबाडीत बसलीय.

“लवकर आलात,” त्या म्हणाल्या. “छान. आमच्याकडे घाईतली माणसं फारशी येत नाहीत.”

कानाएनं दगडी पायरीवर बूट काढले. आलेल्याचे बूट यजमानानं उचलून रस्त्याकडे तोंड करून मांडायचे, म्हणजे निघताना पाय सरळ त्यात जातात. साध्या खाणावळीतसुद्धा ही रीत पाळतात. घरच्या माणसाचे बूट मात्र असे मांडत नाहीत, ते भिंतीतल्या कपाटात जातात. माकिनोबाईंनी तिच्या बुटांकडे एकदा पाहिलं आणि ते होते तसेच, वाकडेतिकडे, तोंड आत करून पडू दिले. कपाट अर्धवट उघडं होतं. खालच्या फळीवर बाईंची पादत्राणं होती आणि त्यांच्या शेजारी एका जोडाएवढी जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेवर धुळीचा कण नव्हता.

कानाएच्या मनात पाल चुकचुकली. पण पाल चुकचुकली म्हणून कोणी हातातलं काम टाकून घरी जात नाही. तिनं कॅमेऱ्याची पेटी उचलली आणि ती बाईंच्या मागून आत गेली.

२

सोमवारी ‘उशिओ’ बंद असायचं. आत चिटपाखरू नव्हतं. मे महिन्याचा स्वच्छ उजेड कागदी दारांतून गाळून येत होता. पुढच्या खोल्या कानाएनं झपाझप उरकल्या. ट्रायपॉड लावायचा, एकाच जागेवरून कमीजास्त उजेडाचे फोटो घ्यायचे, ते नंतर घरी एकावर एक बसवायचे. हात आपोआप चालत होते. कानाला मात्र मघापासून एक आवाज छळत होता. मागच्या बाजूला कुठेतरी कोणी कापडानं काहीतरी पुसत होतं. पुसणं थांबेचना. चिकाटीनं, एका लयीत, चीं चीं चीं. एखादं भांडं पुसायला इतका वेळ लागत नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं.

ती मागच्या खोलीच्या दाराशी पोचली तेव्हा आवाज थांबला होता.

खोली सुरेख होती, हे कबूल करायला हवं. नव्या चटया, कोनाड्यात बगळ्याचं चित्र, समोर शेवाळाची छोटी बाग. आणि मधोमध, बागेकडे तोंड करून, एक पान मांडलेलं. छोटे पाय असलेलं लाखेचं तबक, भात, लोणचं, तळलेला मासा, आणि झाकण घातलेला साराचा काळा वाडगा. समोर आसन. आसनावर कोणी नाही.

“ही खोली महत्त्वाची,” मागून माकिनोबाई म्हणाल्या. “ते पान जागचं हलवायचं नाही. फोटोत आलं तरी चालेल.”

कोणी जेवायला यायचं आहे का, असं कानाएनं विचारलं.

“घरचंच माणूस आहे. बाहेर गेलंय.”

तेव्हा तिला उलगडा झाला. माणूस दूरच्या प्रवासाला गेला की घरच्यांनी त्याचं पान रोज मांडायचं, म्हणजे तो असेल तिथे उपाशी राहत नाही. थोड्या वेळानं साराच्या वाडग्याचं झाकण उचलून बघायचं. आतून पाण्याचे थेंब दिसले की माणूस खुशाल आहे. ही रीत आता बहुतेकांनी सोडली होती. कानाएच्या घरात मात्र ती चालू होती, आणि तिच्याच हातानं.

तिचा नवरा तेत्सुया मालवाहू जहाजावर यंत्रं सांभाळायचा. तीन महिने पाण्यावर, एक महिना घरी. लग्न झाल्यावर सासूबाईंनी, म्हणजे फुमीबाईंनी, पान मांडायला सांगितलं तेव्हा ती हसली होती. गरम सारावर झाकण ठेवलं की वाफेचं पाणी होणारच, हे शाळेतलं शास्त्र आहे, त्यात खुशाली कुठून आली? फुमीबाई म्हणाल्या होत्या, “भिंतींचे फोटो काढत गावभर हिंडतेस ते चालतं. नवऱ्याला वाटीभर सार वाढायला मात्र शास्त्र आडवं येतं.” पुढे एका हिवाळ्यात सकाळी झाकण कोरडं निघालं आणि दुपारी फोन आला की यंत्राच्या पट्ट्यात सापडून तेत्सुयाच्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं. सार निवलेलंच वाढलं असेल, अशी कानाएनं स्वतःची समजूत घातली. पण त्यानंतर तिनं एकही दिवस चुकवला नाही. रोज सकाळी ती झाकण उचलायची, थेंब बघायची आणि म्हणायची, “तेत्सुया, जेवून घे.”

म्हणून माकिनोबाईंच्या त्या पानाकडे बघून तिला थोडी मायाच वाटली. बाई कितीही खडूस असली तरी तिचंही कोणीतरी वाटेवर आहे, एवढंच तिच्या मनात आलं.

३

अडचण झाली ती झाकणाची.

ते इतकं चमकत होतं की विचारू नका. अख्खी बाग त्यात, दारं त्यात, ट्रायपॉड त्यात आणि त्यामागे ठेंगणी होऊन उभी असलेली कानाए त्यात. तिनं कॅमेरा डावीकडे नेला, झाकणातली कानाए डावीकडे आली. पडदा ओढला तर खोलीच मेली. खाली बसून पाहिलं, वरून पाहिलं. प्रत्येक फोटोत चौकटीच्या बरोबर मध्यावर तो काळा चकचकीत डोळा तिच्याकडे बघत होता. मघाशी कापड कशावर चालत होतं ते आता तिला समजलं. जेवणाच्या भांड्याची इतकी पुसापुशी कोणी करत नाही, हेही तिला समजलं. पण त्याचा अर्थ लावायला ती थांबली नाही. उजेड सरकत होता.

पान हलवायचं नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. झाकणाबद्दल काही सांगितलं नव्हतं. उलटं करून बाजूला ठेवलं की त्याची आतली लाल बाजू वर येईल आणि चमक जाईल. कानाए गुडघ्यांवर सरकत गेली आणि तिनं झाकण उचललं.

वाफेचा लोट वर आला. बांबूच्या कोवळ्या कोंबांचं सार होतं, साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, चोथा घालून दाट केलेलं, याच दिवसांत घरोघरी होतं तसं. हाताला चटका बसेल इतकं गरम. आणि झाकणाची आतली बाजू कोरडी ठणठणीत होती.

तिनं झाकण उजेडात तिरपं केलं. बोट फिरवलं. वाफ तिच्या चेहऱ्यावर येत होती, चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या, आणि झाकणावर एक थेंब नव्हता. शाळेतलं शास्त्र इथे बसत नव्हतं. त्या क्षणी तिला त्या खोलीतून उठून जावंसं वाटलं, आणि खरं तर तिनं जायला हवं होतं.

पण हाताला सवय होती, आणि हातामागून तोंडालाही. इतकी वर्षं झाकण उचललं की पुढे काय म्हणायचं ते तोंडाला पाठ होतं.

“तेत्सुया, जेवून घे,” कानाए म्हणाली.

म्हणाली आणि तिनंच चमकून तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या हातातल्या झाकणाला पाणी सुटायला लागलं. आधी कडेनं बारीक, मग मध्ये टपोरे, मग एक ओघळ तिच्या मनगटावरून बाहीत गेला. समोरचं आसन मध्यभागी हळूहळू दबलं. अगदी सावकाश, दमलेला माणूस टेकतो तसं.

दारात माकिनोबाई उभ्या होत्या. कधी आल्या कोण जाणे. त्या आत आल्या, त्यांनी तिच्या हातातलं झाकण दोन्ही हातांनी घेतलं आणि आतून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ते वाडग्यावर परत ठेवून त्या म्हणाल्या, “तुमचं काम झालं, तोगाशीबाई. फार चांगलं झालं.”

दारापर्यंत त्या स्वतः सोडायला आल्या. पायरीवर वाकून त्यांनी कानाएचे बूट रस्त्याकडे तोंड करून नीट मांडून दिले. त्यांच्या मघाच्या अपमानापेक्षा या अगत्याचीच तिला जास्त भीती वाटली.

४

आसन दबलं ते आपल्याला भास झाला, वाफेनं चष्मा धुरकटला होता, असं कानाए घरापर्यंत स्वतःला बजावत आली. झाकणाला पाणी सुटलं त्यातही काही नवल नव्हतं. उशिरा सुटलं, एवढंच. गरम वाफ आणि थंड लाख, दुसरं काय होणार? संध्याकाळी तिनं फोटो संगणकावर उघडले.

पुढच्या खोल्या झकास आल्या होत्या. मागच्या खोलीचे फोटो तिनं एकेक मोठे करून पाहिले. झाकणातल्या प्रतिबिंबात बाग, दारं, ट्रायपॉड आणि ती स्वतः. प्रत्येक फोटोत तेच. शेवटचा फोटो तिनं काढलेला नव्हता. निदान काढल्याचं तिला आठवत नव्हतं. ती पानाशी गुडघ्यांवर बसलेली असताना कॅमेरा तिच्या मागे, तिच्यापासून लांब होता. तरी तो फोटो होता, आणि त्यात ती नव्हती. झाकण वाडग्यावर होतं आणि त्याच्या चकाकीत, ट्रायपॉडच्या जागी, कोणीतरी खूप जवळून वाकलेलं होतं. चेहरा झाकणाच्या गोलाईत ताणून पुसट झाला होता. एक हात मात्र स्पष्ट होता, वाडग्याला बाजूनं धरलेला. डावा हात. मधलं बोट अर्धं.

तिनं संगणक बंद केला. फोन उचलून तेत्सुयाला लावला. जहाज किनाऱ्याजवळ होतं, त्यानं लगेच घेतला. आवाज खणखणीत होता. सगळं ठीक आहे, हवा चांगली आहे, परवा कोळसा उतरवायचा आहे, असं त्यानं नेहमीसारखं सांगितलं. तिच्या जिवात जीव आला.

“एक गंमत सांगू?” तो म्हणाला. “दुपारपासून तोंडात कोंबांच्या साराची चव आहे. साकेचा चोथा घातलेली. जहाजावर कुठले आलेत कोंब? आणि पोट असं भरलंय की जेवायला बसलोच नाही.”

कानाएनं त्या सकाळी त्याच्या पानावर टोफूचं साधं सार वाढलं होतं.

५

दुसऱ्या दिवशी झाकण कोरडं होतं. तिनं सार पुन्हा उकळवलं, बुडबुडे येत असतानाच वाढलं, झाकण घातलं, वाट पाहिली. कोरडं. वाडगा बदलून पाहिला. तेच. फुमीबाई काठी टेकत स्वयंपाकघरात आल्या आणि झाकण तिच्या हातातून घेऊन बघत राहिल्या.

“फोन केलास?”

“केला. तो ठीक आहे. अगदी ठणठणीत आहे.”

“मग हे काय आहे?”

कानाएनं सगळं सांगितलं. फुमीबाई मधे बोलल्या नाहीत, आणि हेच आक्रीत होतं, कारण सून बोलत असताना गप्प बसण्याची त्यांना सवय नव्हती.

“नाव घेतलंस?” शेवटी त्यांनी विचारलं. “परक्याच्या पानावर?”

“चुकून गेलं तोंडातून.”

“जेवणारा हाक आली तिकडे जातो. कुत्र्याला कळतं ते, कानाए. तुला कळू नये?”

मग त्या पानासमोर बसल्या. गुडघे दुखत असताना बसल्या. आणि त्यांनी मुलाला हाक मारली. आधी साधी, मग मोठ्यानं, मग लहानपणी मारायच्या तशी. झाकण उचललं. ते त्यांच्यासाठीही कोरडंच निघालं. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा असा पडलेला बघण्यापेक्षा शिव्या खाल्लेल्या बऱ्या, असं कानाएला झालं. ती तशीच उठली आणि ‘उशिओ’कडे निघाली.

६

माकिनोबाई पायरीच्या वरच बसल्या होत्या, जणू तिचीच वाट बघत. आत या म्हणाल्या नाहीत.

“चुकून माझ्या नवऱ्याचं नाव गेलं,” कानाए म्हणाली. “परत द्या.”

“काय परत देऊ? सार?”

“झाकण तुम्ही मुद्दाम पुसलं होतंत.”

“लाखेचं भांडं पुसून ठेवावं. तुमच्या आईनं शिकवलं नाही वाटतं.” बाईंनी मांडीवरची सुरकुती हातानं सपाट केली. “तुमच्याआधी दोघे फोटोवाले येऊन गेले. चमक कोणालाच खपत नाही. दोघांनीही झाकण उचललं. पण त्यांच्या घरचं कोणी लांब गेलेलं नव्हतं. उचललं आणि ठेवून दिलं. मग मला कोणीतरी सांगितलं, एक तोगाशी म्हणून आहे, तिचा नवरा जहाजावर असतो आणि ती अजून पान मांडते.”

कानाएनं पायरीवर पाय ठेवला.

“माझा मुलगा हिसाशी भांडून गेला,” बाई सांगत होत्या, हवामान सांगावं तशा. “दार आपटून गेला. मी पान मांडायचं सोडलं नाही. रोज कोरडं. लोक म्हणाले आता त्याच्या नावानं धूपदीप करा. मी म्हटलं, नाही, पानच मांडीन. काल पहिल्यांदा झाकणाला पाणी सुटलं. मी आई आहे, तोगाशीबाई. ते पाणी कोणाचं, हे मी कशाला विचारू?”

कानाए त्यांना ओलांडून, बुटांसकट, आत धावली. नव्या चटयांवर तिच्या बुटांचे ठसे उमटत गेले. मागच्या खोलीत पान मांडलेलं होतं, वाफाळतं, आणि आसन मध्यभागी दबलेलं. झाकण बाजूला उलटं ठेवलेलं होतं, थेंबांनी गच्च. तिनं वाडगा उचलला. बागेत भिरकावून द्यायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

“सांडा,” माकिनोबाई दारातून म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “इथलं सांडलं की तुमच्याकडचं भरेल असं वाटतंय का? तो आता इथे जेवतो. सांडलंत तर उपाशी राहील, एवढंच होईल.”

कानाएच्या हातात सार हिंदकळत होतं. आणि तेव्हा तिला ऐकू आलं. तबकाच्या पलीकडून, आसनाच्या उंचीवरून, कोंब दाताखाली फुटल्याचा आवाज. कुरूम. मग चावणं. मग थांबणं, कोणी आपला वाडगा उचलून नेला म्हणून जेवता जेवता थांबतात तसं.

तिनं वाडगा खाली ठेवला. दोन्ही हातांनी, थेंबही सांडू न देता. चावणं पुन्हा सुरू झालं. माकिनोबाईंनी फडकं आणून तिच्यासमोरच चटईवरचे ठसे पुसायला घेतले आणि तिच्याकडे पुन्हा बघितलं नाही.

७

पुढचे आठवडे दोघी बायकांनी काय नाही केलं. कोंबांचं सार घरी केलं, ‘उशिओ’पेक्षा चांगलं केलं. दिवसातून तीनदा पान मांडलं. देवळातून मंतरलेली चिठ्ठी आणून दाराला चिकटवली. झाकण हूं की चूं करेना.

तेत्सुया फोन घ्यायचा. आवाज तोच, तब्येत उत्तम. पण बोलण्यातून तो एकेक पाऊल मागे सरकत होता. आधी त्यानं तिला नावानं हाक मारणं सोडलं. मग एकदा विचारलं, “कोनाड्यातलं बगळ्याचं चित्र आता बदलायचं ना? उन्हाळा आला.” त्यांच्या घराला कोनाडा नव्हता. मग तो तिला तुम्ही म्हणायला लागला, नीट, अदबीनं, बँकेतून फोन आल्यावर बोलतात तसं. तुझी सुटी कधी सुरू होते, असं तिनं रडत विचारलं तेव्हा मात्र त्यानं दिवस आणि गाडी बरोबर सांगितली. फुमीबाईंनी फोन हिसकावून घेतला. पलीकडचं कानाएला ऐकू आलं.

“आजीबाई,” तेत्सुया मायेनं म्हणाला, “तुम्ही नंबर चुकलात वाटतं.”

फुमीबाईंनी फोन परत दिला आणि त्या तांदूळ धुवायला गेल्या. माणूस डोळ्यांसमोर आला की सगळं ताळ्यावर येईल, असं त्या पाठमोऱ्या राहून म्हणाल्या. आपल्या दारात पाऊल ठेवलं, आपल्या हातचा घास खाल्ला की झालं. कानाएनंही त्यावरच भिस्त ठेवली, कारण दुसरं काही उरलं नव्हतं.

त्यानं सांगितलेल्या दिवशी ती दुपारी स्टेशनवर जाऊन उभी राहिली. निगाताहून गाडी आली. माणसं उतरली, बाहेर गेली, फलाट रिकामा झाला. तिनं त्याला फोन लावला, त्यानं घेतला नाही. थोड्या वेळानं त्याचा निरोप आला.

“आधीच्या गाडीनं आलो. घरी पोचलो. जेवायला बसतोय.”

आनंदानं तिनं लगेच घरी फोन केला. आला ना हो तो, तिनं विचारलं. फुमीबाई म्हणाल्या की मासा तळून तयार आहे, मी दारातच बसलेय, अजून कोणी आलेलं नाही.

कानाए फलाटावरून पळत सुटली.

‘उशिओ’च्या पायरीवर एक जोड होता. उजव्या टाचेची बाहेरची बाजू झिजलेली, डाव्याची नाडी गाठ मारून जोडलेली. ती गाठ तिनंच मारली होती, तो मागच्या वेळी निघाला त्या सकाळी. माकिनोबाई गुडघ्यांवर बसून ते बूट ओल्या फडक्यानं पुसत होत्या. कानाएनं आपले बूट भिरकावून काढले, पायरी चढली, पण बाई हलल्या नाहीत आणि वाट अरुंद होती. पुसून झाल्यावर त्यांनी तो जोड कपाटातल्या खालच्या फळीवर, रिकाम्या जागेत ठेवला. बरोबर बसला.

“तेत्सुया,” कानाएनं हाक मारली. मग पुन्हा, जीव खाऊन.

आतलं चावणं थांबलं. मागच्या खोलीचं कागदी दार हातभर उघडं होतं. फटीतून पाठ दिसत होती, रुंद, किंचित वाकलेली, आणि मानेवरचा तो उन्हानं रापलेला पट्टा, ज्यावर ती इतक्या वेळा हात ठेवून झोपली होती. पाठ वळली नाही.

“आई,” तेत्सुयाच्या आवाजात कोणीतरी विचारलं, “बाहेर कोण आलंय?”

“कोणी नाही रे,” माकिनोबाई म्हणाल्या. “ती फोटोवाली.”

“मग बोलव की आत. आपला दोघांचा एक काढू दे.”

“आज नको. तू जेव. सार निवेल.”

झाकण लाखेवर टेकल्याचा हलका आवाज आला. बाईंनी कपाट लावलं. मग त्या खाली उतरल्या, कानाएचे विखुरलेले बूट त्यांनी गोळा केले आणि रस्त्याकडे तोंड करून पायरीवर नीट मांडले.

कानाएचा फोन वाजला. फुमीबाई होत्या.

“आला का ग? पान वाढू?”

कानाएनं बुटांत पाय घातले. ते सरळ आत गेले. मागे पुन्हा चावण्याचा आवाज सुरू झाला होता.

“वाढा, आई,” ती म्हणाली. “आणि साराच्या वाडग्याचं झाकण पुसून ठेवा. चांगलं लख्ख पुसा. येणाऱ्या परक्याच्या डोळ्यावर चमकलं पाहिजे.”